अडीच पिक्सेलचा चेहरा : ऐरोलीच्या खाडीतली एक शोधरात्र

कोजागिरी होऊन तीन दिवस झाले होते. ऐरोलीच्या दिवा कोळीवाड्यातले साठी ओलांडलेले एक काका संध्याकाळी पाचला लोखंडी आकडी आणि टोपली घेऊन चिंबोऱ्या धरायला तिवरांत, म्हणजे खारफुटीत, शिरले. नऊ वाजले तरी ते परतले नव्हते. फोन बंद लागत होता. गावातली तरुण पोरं बॅटऱ्या घेऊन बांधापर्यंत गेली, हाका मारून आली. पुढे मांडीपर्यंत चिखल. ओहोटीमुळे होडी आत जाईना आणि चिखलामुळे माणूस आत जाईना. दहाच्या सुमारास पोलिसांकडून आम्हाला फोन आला.

आमचं काम एरवी दिवसाचं. नवी मुंबईतल्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या कारखान्यांच्या छपरांवरचे सौर पॅनल, उच्चदाबाच्या तारांचे जोड, गळणारी छपरं हे सगळं ड्रोनवरच्या थर्मल कॅमेऱ्याने तपासायचं. त्यामुळे यंत्र हाताशी होतं, परवानाधारक पायलट होते. पण खाडीत रात्री माणूस शोधण्याचा अनुभव म्हणाल, तर त्याआधी आम्ही तो एकदाही घेतला नव्हता. त्या रात्री आमच्या हातून काय चुकलं आणि काय साधलं, ते इथे सविस्तर लिहितो आहे. असा फोन उद्या दुसऱ्या कुणालाही येऊ शकतो, आणि त्याने आमची पहिली वीस मिनिटं पुन्हा वाया घालवू नयेत असं मला मनापासून वाटतं.

जागा आणि वेळ

ठाण्याच्या खाडीचा हा भाग ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ऐरोली–मुलुंड पुलाच्या दक्षिणेला वाशीच्या पुलापर्यंत २०१५ साली जाहीर झालेलं ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य आहे, आणि २०२२ मध्ये या खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता, मिळाला. ऑक्टोबरात रोहित पक्षी सहसा अजून आलेले नसतात, त्यामुळे त्यांचे थवे उठवण्याची भीती नव्हती. तरी कांदळवनाच्या अधिकाऱ्यांना कळवल्याशिवाय ड्रोन वर गेला नाही. किनाऱ्याच्या बाजूला तिवरांची दाट पट्टी आहे आणि तिच्यात खाडीचे फाटे शिरलेले आहेत, कुठे दोन होड्या शेजारून जातील इतके रुंद, कुठे उडी मारून ओलांडावेत इतके अरुंद.

सगळ्यात महत्त्वाचं होतं ते पाणी. उधाण अजून उतरलेलं नव्हतं. ओहोटी साडेआठच्या सुमारास संपली होती आणि भरती रात्री अडीचच्या सुमारास पुरी होणार होती. काकांचे मेहुणे, ज्यांना सगळा कोळीवाडा मामा म्हणतो, त्यांनी बोटांवर हिशेब करून सांगितलं, "साडेअकराला पाणी तिवरांच्या बुडाला लागंल. एक वाजेस्तोवर छातीला." ते हे शांतपणे बोलले, पण त्यानंतर कुणीच काही बोललं नाही.

पहिलं उड्डाण

आमच्याकडचा ड्रोन स्मॉल वर्गातला, म्हणजे दोन ते पंचवीस किलोंच्या मधला. त्याच्या गिंबलवर, म्हणजे कॅमेरे स्थिर धरणाऱ्या फिरत्या मानेवर, तीन डोळे आणि एक लेझर पट्टी : ६४० बाय ५१२ पिक्सेलचा थर्मल कॅमेरा, हायब्रिड झूमचा साधा रंगीत कॅमेरा, कमी उजेडात काम करणारा नाइट व्हिजन कॅमेरा आणि अंतर मोजणारा लेझर. थर्मलचं भिंग साडेतेरा मिलीमीटरचं, सेन्सरवरचा एकेक पिक्सेल १२ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग). हे आकडे कंटाळवाणे वाटतील, पण त्या रात्रीची अर्धी गोष्ट त्यांच्यात आहे. १२ मायक्रॉनला साडेतेरा मिलीमीटरने भागलं की कळतं, शंभर मीटरवरून एक पिक्सेल जमिनीवरची सुमारे नऊ सेंटिमीटर जागा व्यापतो. माणसाचं डोकं वरून वीस सेंटिमीटर धरा. म्हणजे अख्खं डोकं सव्वादोन पिक्सेल.

थर्मल कॅमेऱ्यांच्या जगात जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये मांडलेले निकष आजही वापरले जातात. त्यानुसार एखादी वस्तू 'काहीतरी आहे' इतकी दिसायला तिच्या लहान बाजूवर साधारण दोन पिक्सेल लागतात, ती कसली आहे हे कळायला आठेक, आणि नेमकी कोणती हे कळायला बारा-तेरा. म्हणजे शंभर मीटरवरून आम्ही 'काहीतरी आहे'च्या काठावर उभे होतो. हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण चाळीस हेक्टरांची पट्टी लवकरात लवकर पाहून व्हावी, या घाईत मी उंची शंभर मीटर ठेवली, वेग सेकंदाला आठ मीटर, कॅमेरा सरळ खाली. कागदावर गणित बरोबर होतं. एका फ्रेममध्ये ५७ मीटर रुंदी, पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवल्या तरी अठरा-एकोणीस मिनिटांत सगळं पाहून होतं. एका बॅटरीचं काम.

दहा पन्नासला ड्रोन उठला. पडद्यावर पाच ठिपके सापडले. पहिला बांधालगतच्या एका नाल्याचं तोंड निघालं, वस्तीतलं कोमट पाणी. दुसरा आणि तिसरा हलत होते. झूम लावून पाहिलं तर कोल्ह्यांची जोडी. नवी मुंबईच्या खारफुटीत कोल्हे आहेत हे इथल्या लोकांना माहीत आहे, पण स्क्रीनवर दोन पांढरे ठिपके सरकताना दिसले की काळीज कसं उडतं, ते त्या क्षणी मामांच्या चेहऱ्यावर पाहिलं. चौथा ठिपका म्हणजे झाडावर दाटीने बसलेले बगळे. पाचव्यावर आम्ही जवळजवळ पाच मिनिटं घालवली आणि तिथे ओहोटीत मागे राहिलेलं पाण्याचं डबकं होतं.

अकरा दहाला ड्रोन खाली उतरला. काका सापडले नव्हते.

थर्मल काय बघतो

इथे थोडं थांबतो, कारण गैरसमज इथेच होतो. लोकांना वाटतं, थर्मल कॅमेरा अंधारातला माणूस दाखवतो. तो माणूस दाखवत नाही, तापमानातला फरक दाखवतो. ८ ते १४ मायक्रॉनच्या पट्ट्यातली उष्णतेची किरणं पृष्ठभागावरून निघतात, तेवढीच त्याला कळतात. पानाच्या मागचं त्याला कळत नाही, पाण्याच्या एक मिलीमीटर खालचंही नाही. साधी काचसुद्धा त्याच्यासाठी भिंत आहे, म्हणून त्याचं भिंग बहुधा जर्मेनियमचं असतं.

त्या रात्री हवा सव्वीस अंशांच्या आसपास होती. पानं पंचवीस, उघडा चिखल सव्वीस, खाडीचं पाणी एकोणतीस. उथळ डबकी दिवसभर तापलेली, साडेअठ्ठावीस. या कॅमेऱ्यांचं मोजमाप दोन अंश इकडे-तिकडे होऊ शकतं, पण आपसातला फरक ते पाव अंशापेक्षाही बारीक पकडतात. कोरड्या माणसाचा चेहरा तेहतिसाच्या आसपास असतो. पाच-सात अंशांचा फरक म्हणजे ठळक दिसायला हवा.

पण आमचा माणूस कोरडा नव्हता. तो खांद्यापर्यंत चिखलाने माखलेला होता. ओल्या चिखलातून पाणी उडत राहतं आणि त्याबरोबर उष्णताही जाते. ओले केस, ओला सदरा, वर चिखलाचा थर. वरून पाहिलं तर त्याचं तापमान साडेअठ्ठावीस. म्हणजे बरोबर डबक्याइतकं.

दुसरी गोष्ट माझ्या पदरातली आहे. कॅमेऱ्याचं आपोआप होणारं कॉन्ट्रास्ट मी चालूच ठेवलं होतं. सौर पॅनल तपासताना ते सोयीचं असतं. ते करतं असं की, चित्रात ज्या तापमानाचे पिक्सेल सर्वांत जास्त, त्यांना राखाडी रंगाच्या छटा जास्त वाटून देतं. खाडीवर याचा अर्थ असा झाला की, पाणी, पानं आणि चिखल यांनी जवळजवळ सगळ्या छटा उचलल्या. पट्टीच्या टोकाला पुलाचं तापलेलं काँक्रीट फ्रेममध्ये आलं की उरलेल्याही त्याने नेल्या. तीन पिक्सेलच्या माणसाच्या वाट्याला काय येणार?

तिसरी गोष्ट वेगाची. अशा सेन्सरला तापमानातला बदल टिपायला दहा मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागतो. सेकंदाला आठ मीटरच्या वेगात तेवढ्यात ड्रोन आठ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो, म्हणजे जवळजवळ एक पिक्सेल. आधीच सव्वादोन पिक्सेलचं डोकं, त्यातही ते फासलं जाणार. भरीला कॅमेरा अधूनमधून स्वतःला जुळवून घेण्यासाठी आतलं शटर टाकतो आणि चित्र क्षणभर गोठतं.

मामा

बॅटरी बदलत असताना मामा माझ्या मागे उभे राहून रेकॉर्डिंग पाहत होते. त्यांनी विचारलं, "दादा, तू सारखा वरून का बघतोस? तिवर वरून छत्रीसारखी असते. छत्रीखालचा मानूस वरून दिसंल का? फाट्याच्या पान्यावरून बघ, होडीत बसून बघतो तसा."

मी म्हटलं, "पण फाटे किती आहेत, कुठून सुरुवात करू?"

"उधाणाच्या चिंबोऱ्या फाट्याच्या काठच्या बिळात. आणि तो तिसऱ्या फाट्याबाहेर जात नाय, त्याचा बाप पण तिथंच जायचा."

चाळीस हेक्टरांचा प्रश्न त्या दोन वाक्यांत तीन-चार हेक्टरांवर आला. हे पहिल्या उड्डाणाआधी विचारायला हवं होतं. माणूस समोर उभा होता आणि मी नकाशावर रेघा मारत बसलो होतो.

दुसऱ्या उड्डाणासाठी सगळं बदललं. उंची चाळीस मीटर. कॅमेरा सरळ खाली न ठेवता क्षितिजापासून पस्तीस अंश खाली झुकवलेला, म्हणजे फाट्याच्या मोकळ्या पाण्यावरून दोन्ही काठांच्या पानांखाली नजर शिरेल. वेग सेकंदाला तीन मीटर. ऐरोलीचा पूल पाठीमागे राहील अशी दिशा. आपोआप कॉन्ट्रास्ट बंद, तापमानाची पट्टी हाताने बांधलेली. साधं पांढरं-काळं चित्र, जितकं गरम तितकं पांढरं, आणि साडेतीस अंशांच्या वर जे काही असेल तेवढंच लाल. रंगीबेरंगी पॅलेट जाहिरातीत छान दिसतात, शोधाच्या कामात ते डोळ्याला थकवतात असं माझं मत झालं आहे.

भरतीने एक उपकारही केला. पाणी तिवरांखाली शिरलं तशी डबकी बुडाली, बिळं बुडाली, चिखलाचे चट्टे बुडाले. मघाशी चितकबरी असलेली पार्श्वभूमी आता एका सपाट एकोणतीस अंशांची झाली. पाणी काकांच्या जिवावर उठलं होतं, आणि त्याच पाण्याने आमचा पडदा स्वच्छ केला.

बारा एकोणचाळीसला तिसऱ्या फाट्याच्या आतल्या वळणावर लाल ठिपका दिसला. चाळीस मीटर उंचीवरून त्या कोनात तिरपं अंतर सत्तर मीटर होतं, एक पिक्सेल सहा सेंटिमीटरांचा, आणि ठिपका अडीच पिक्सेलचा. मी ड्रोन जागेवर थांबवला. ठिपका हलत नव्हता. पुन्हा डबकं? पण डबकी आता उरलीच नव्हती. बगळा? पिसांच्या आत ऊब दडलेली असते, बगळा इतका लाल होत नाही.

झूम आणि रात्रीचा कॅमेरा

आता झूमचं काम होतं. माहितीपत्रकांवर 'दोनशे पट झूम' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, त्याबद्दल एवढंच सांगतो : भिंगं सरकून होणारा खरा झूम साधारण वीसेक पटींपर्यंत असतो, त्यापुढे चित्राचा मधला तुकडा कापून ताणलेला असतो. ताणून नवीन माहिती येत नाही. शिवाय झूम वाढला की भिंगातून येणारा उजेड कमी होतो आणि गिंबलची थरथर वाढलेली दिसते. अंशाच्या शंभराव्या भागाइतका हादरासुद्धा शंभर मीटरवर पावणेदोन सेंटिमीटर होतो. दिवसा यातलं फार काही जाणवत नाही. रात्री जाणवतं. पहिल्यांदा झूम लावला तेव्हा पडद्यावर नुसती दाणेदार राखाडी खळबळ होती.

मग ड्रोनचा दिवा लावला आणि झूम दहा पटींवर आणला. पानांच्या कडेला एक हात होता. फांदी धरलेला. पाणी काखेपर्यंत आलेलं.

मामांनी पडद्यावर बोट ठेवलं नाही, काही बोललेही नाहीत. ते सरळ धक्क्याकडे पळाले.

लेझरने अंतर मोजलं, पण पहिल्या दोन वेळा किरण मधल्या पानांवर आपटून परतला आणि आकडा पन्नासच्या खाली आला. तिसऱ्यांदा बरोबर बसला. ड्रोनची जागा, कॅमेऱ्याचा कोन आणि अंतर यांवरून काकांचं ठिकाण काही मीटरांच्या आत मिळालं. ते अग्निशमन दलाच्या जवानांना दिलं. पण तिवरांतून ठिकाणापर्यंत पोहोचायचं कसं? जागा कळणं आणि वाट कळणं यांत त्या रात्री फार अंतर होतं.

इथे तिसरा डोळा कामी आला, ज्याच्याकडून मला काहीच अपेक्षा नव्हती. नाइट व्हिजन म्हटलं की लोक हिरव्या चित्राची कल्पना करतात. ड्रोनवर बहुधा तसं नसतं. मोठ्या पिक्सेलचा, कमी उजेडात चालणारा सेन्सर असतो, आणि त्याच्यापुढची अवरक्त किरणं अडवणारी काच बाजूला सरकवता येते. चंद्र आठच्या सुमारास उगवून चांगला वर आला होता. हिरवी पानं जवळची अवरक्त किरणं जोरात परतवतात, पाणी ती पिऊन टाकतं. काच सरकवली आणि पडद्यावर सगळी तिवरं चुन्यासारखी पांढरी झाली आणि फाटे शाईसारखे काळे. थर्मलमध्ये पानांखालून जाणारा जो अरुंद फाटा तुटक दिसत होता, तो इथे सलग काळी रेघ होऊन दिसला. पायलट, ड्रोनची जागा न सोडता, होडीला फोनवर सांगत राहिला : आता डावीकडे, आता थांबा, पुढे आडवी फांदी आहे.

भरती असल्यामुळे होडी आत जाऊ शकली. दोन तासांपूर्वी ती जागेवर रुतली असती. एक वीसला मामा आणि दोन जवान काकांजवळ पोहोचले. त्यांचा उजवा पाय तिवरांच्या मुळांमध्ये गुडघ्यापर्यंत चिखलात अडकला होता, घोटा मुरगळला होता, तळव्याला कालवांच्या शिंपल्यांनी खोल चिरा पडल्या होत्या. फोन पहिल्याच पडण्यात भिजला होता. त्यांना बाहेर काढून रुग्णालयात नेलं. चार दिवसांनी ते घरी आले.

अकरा वाजून चार मिनिटं

दुसऱ्या दिवशी आम्ही पहिल्या उड्डाणाचं रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. आता जागा माहीत होती. अकरा वाजून चार मिनिटांनी ड्रोन काकांच्या बरोबर डोक्यावरून गेला होता. पानांच्या फटीत तीन राखाडी पिक्सेल दोन सेकंद दिसले आणि गेले. शेजारच्या डबक्याची छटा आणि त्यांची छटा एकच. ती दोन सेकंद मी किती वेळा पाहिली असतील, सांगता येत नाही. काकांनी नंतर सांगितलं की ड्रोनचा आवाज त्यांनी ऐकला होता, हाक मारली होती, टोपली हलवली होती.

कॅमेऱ्यात दोष नव्हता. सौर पॅनलचा सराव खाडीवर नेल्याचा तो परिणाम होता. तेव्हापासून शोधाच्या कामासाठी आम्ही वेगळी मांडणी करून ठेवली आहे : तापमानाची पट्टी हाताने बांधलेली, वेग कमी, एक फेरी सरळ खाली आणि एक तिरपी. आणि ड्रोन पेटीतून काढण्याआधी जागेच्या माहितगार माणसाशी दहा मिनिटं बोलायचं. ती दहा मिनिटं उशीर म्हणून आम्ही आता मोजत नाही.

पंधरवड्याने, पुढच्या उधाणात, आमच्यातला एक जण अंगाला चिखल फासून मामांबरोबर तिवरांच्या काठाला बसला आणि आम्ही वरून मोजलं. कोरडी त्वचा तेहतीस अंश, ताजा चिखल फासल्यावर साडेअठ्ठावीस, वीस मिनिटांनी चिखल सुकत आल्यावर साडेतीस. म्हणजे अडकलेला माणूस जितका ओला, तितका तो थर्मलपासून लपलेला.

त्याच रात्री आणखी एक गोष्ट करून पाहिली. चकचकीत ॲल्युमिनियमचा मुलामा असलेली पातळ चादर गिर्यारोहक जवळ बाळगतात, तिचा फूटभर चौकोन कापून त्याने डोक्यावर धरला. अशी चकाकी स्वतःची उष्णता फारशी बाहेर टाकत नाही, समोरचं परतवते, आणि तिच्या समोर असतं मोकळं आकाश, जे थर्मलला जमिनीपेक्षा पुष्कळ थंड दिसतं. शंभर मीटरवरून, आपोआप कॉन्ट्रास्ट चालू असतानाही, एकोणतीस अंशांच्या राखाडी खाडीत तीन बाय तीन पिक्सेलचा काळाकुट्ट ठिपका उमटला. चिखलाने माखला तर तो चौकोनही निकामी, म्हणून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवायचा आणि गरज पडली तरच काढायचा, हे मामांनी सुचवलं.

अशा पंधरा घड्या आम्ही कोळीवाड्यात दिल्या. काका घोटा बरा झाल्यावर पुन्हा तिसऱ्या फाट्यात जायला लागले आहेत. त्यांची घडी टोपलीच्या बुडाशी, आकडीच्या दोरीने बांधलेली असते.